खोटा पहारेकरी: बनावट अँटी-स्पायवेअर प्रोग्राम कसे ओळखावेत आणि कसे काढावेत

ब्राउझरमध्ये उघडलेले वेब पान तुमच्या संगणकातील फाइली तुमच्या परवानगीवाचून वाचू शकत नाही. ब्राउझरची रचनाच अशी असते की बाहेरून आलेले पान एका बंदिस्त चौकटीत चालते आणि त्या चौकटीबाहेर, म्हणजे तुमच्या सी ड्राइव्हमध्ये किंवा विंडोजच्या फोल्डरमध्ये डोकावण्याची त्याला मुभा नसते. एवढे पक्के लक्षात ठेवले, तर ‘तुमच्या संगणकात ३४ व्हायरस सापडले आहेत’ असे सांगणारे वेब पान खोटे बोलत आहे हे ठरवायला कोणा तज्ज्ञाची गरज उरत नाही, कारण त्या पानाने संगणकात काही पाहिलेलेच नसते.

तरीही याच थापेवर गेली वीस वर्षे जगभर कोट्यवधी डॉलरचा धंदा चालत आला आहे. स्पायवेअर म्हणजे संगणकात चोरून शिरून आपण काय टाइप करतो, कोणती पाने पाहतो, कोणते पासवर्ड वापरतो याची माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम. आणि त्याला शोधून काढणारा तो अँटी-स्पायवेअर. २००० नंतरच्या काही वर्षांत स्पायवेअरचा उपद्रव खरोखरच वाढला, हैराण झालेले लोक त्यावर उपाय शोधू लागले, आणि ही गरज हेरून उपायाचे सोंग घेतलेले प्रोग्राम पसरू लागले. स्पायशेरिफ, स्पायअॅक्स, विनफिक्सर, एररसेफ, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही त्यांतली काही कुप्रसिद्ध नावे. यातले कोणतेही नाव वाचून संशय यावा असे काही त्यात नाही, आणि नाव ठेवणाऱ्यांचा हेतूही तोच होता. अशा प्रोग्रामना स्केअरवेअर म्हणतात, म्हणजे माणसाला घाबरवून पैसे काढणारे सॉफ्टवेअर.

त्या काळातले खोटे ‘स्कॅन’ जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आजचे प्रकारही त्याच मुशीतून निघालेले आहेत. एखाद्या साध्या पानावरून जाताना पडद्यावर अचानक विंडोज एक्सपीच्या ‘माय कॉम्प्युटर’सारखी दिसणारी विंडो उघडत असे. तीत सी आणि डी ड्राइव्हची चित्रे, त्यांच्याखाली हळूहळू भरत जाणारी हिरवी पट्टी आणि पट्टीच्या वर झरझर पळणारी फाइलींची नावे दिसत. काही सेकंदांत पट्टी पूर्ण भरे आणि लाल अक्षरांत ट्रोजनांची, म्हणजे साळसूद रूप घेऊन शिरणाऱ्या घातक प्रोग्रामांची, यादी उमटे. खऱ्या तपासणीला भरलेल्या डिस्कवर पुष्कळ वेळ लागतो. इथे मात्र सगळा संगणक काही सेकंदांत पालथा घातलेला असे. ती फाइलींची नावे पानाच्या कोडमध्येच आधीपासून लिहून ठेवलेली असत, म्हणून लिनक्सवर किंवा ॲपलच्या मॅकवर, जिथे सी ड्राइव्ह नावाची गोष्टच नसते, तिथेही हीच विंडो हेच ड्राइव्ह दाखवून हेच व्हायरस शोधत असे. ‘रद्द करा’ हे बटण आणि कोपऱ्यातली फुलीसुद्धा पुष्कळदा त्याच चित्राचा भाग असे. कुठेही क्लिक केले तरी डाउनलोडच सुरू होई.

ती फाइल चालवली की खरा त्रास सुरू होई. आतापर्यंत चौकटीत असलेले सोंग आता प्रत्यक्ष संगणकात आलेले असे आणि तेही आपल्याच हाताने. घड्याळाजवळून दर दोन मिनिटांनी धोक्याचा फुगा वर येई, डेस्कटॉपचे चित्र बदले, चालू प्रोग्राम दाखवणारा आणि बंद करू देणारा टास्क मॅनेजर उघडेनासा होई. साधे नोटपॅड उघडायला गेले तरी ‘ही फाइल संसर्गित असल्याने चालवता येत नाही’ असा संदेश येऊन ते बंद पडे. काही प्रोग्राम स्वतःच निरुपद्रवी फाइली तयार करून ठेवत आणि मग त्याच ‘सापडल्या’ म्हणून दाखवत. हार्ड डिस्क बिघडल्याचे नाटक करणारी एक जात होती, ती तुमच्या सगळ्या फाइलींना लपवलेली फाइल ही खूण लावून टाकी. आयुष्यभराचे फोटो आणि कागदपत्रे एका क्षणात दिसेनाशी झाल्यावर माणसाने कार्ड काढले तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात एकही फाइल पुसली गेलेली नसे, ती खूण काढली की सारे जागच्या जागी सापडे.

हे उद्योग करणारे कोण होते, हे अमेरिकेतल्या काही खटल्यांमुळे बरेच उघड झाले. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या तिथल्या केंद्रीय संस्थेने, इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध मेरीलँडच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. कंपनीची नोंदणी बेलीझमध्ये होती आणि कारभार युक्रेनमधल्या कीव्हमधून चाले. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी नावे तिचीच. फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे कमिशनने न्यायालयाला सांगितले. या कंपनीच्या लोकांची जाहिरात करण्याची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ते धर्मादाय संस्थांची आणि नामांकित कंपन्यांची जाहिरात असल्याचे भासवून जागा विकत घेत. जाहिरात तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संगणकावर साळसूद जाहिरात उघडे, तर बाकीच्या वाचकांना मात्र थेट खोट्या स्कॅनच्या पानावर नेऊन सोडले जाई. २०१२ मध्ये या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल लागला.

दरम्यान, जून २०११ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने, एफबीआयने, आणखी दोन टोळ्या उघडकीला आणल्या. एकीने ९ लाख ६० हजार लोकांकडून मिळून ७ कोटी २० लाख डॉलर उकळले होते. दुसरी लॅटव्हियातली होती. तिने एका हॉटेल साखळीची जाहिरात असल्याचे सांगून मिनियापोलिसच्या स्टार ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जागा मिळवली होती. जाहिरात मंजूर झाल्यावर तिच्यातला कोड बदलण्यात आला आणि सकाळी बातम्या वाचायला बसलेल्या वाचकांचे संगणक अडकून पडले. सुटका करून घ्यायची तर ४९ डॉलर ९५ सेंट भरावे लागत होते. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ‘नको त्या साइटवर गेला असशील’ असे म्हणून फसलेल्यालाच दोष देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. वर्तमानपत्र वाचणारा माणूसही यात सापडतो. अशा बोलण्याने त्याला लाज वाटते आणि तो गप्प बसतो, आणि फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी याहून दुसरी गोष्ट नाही.

खोटे ओळखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी एकच आहे असे मला वाटते: बोलणे कोणी सुरू केले? तुम्ही स्वतः अँटिव्हायरस उघडून तपासणी चालवली असेल, तर येणारा निकाल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. पण तुम्ही दुसरेच काही करत असताना कोणीतरी अचानक येऊन ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ता इथे दाबा, या नंबरवर फोन करा’ असे सांगत असेल, तर ते सांगणारा कितीही ओळखीच्या चेहऱ्याचा असला तरी त्याच्या पडद्यावर काहीही दाबू नये. खरा अँटिव्हायरसही कधी कधी आपणहून इशारा देतो, हे खरे. म्हणून शंका आली तर समोरचा इशारा जसाच्या तसा राहू द्यावा, स्टार्ट मेनूमधून विंडोज सिक्युरिटी किंवा आपण पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस स्वतः उघडावा आणि तोच इशारा तिथे आहे का ते पाहावे. खरा असेल तर तो आतही नोंदलेला असतो.

दुसरी खूण पैशांची आहे. तपासणी फुकट आणि सफाईला पैसे, ही रचना जुन्या स्पायशेरिफपासून आजपर्यंत टिकून आहे. फुकट तपासणी देणारी प्रत्येक कंपनी लबाड असते असे नाही, पण फुकटच्या तपासणीत शेकडो ‘समस्या’ निघाल्या आणि त्या समस्या म्हणजे ब्राउझरच्या कुकीज (साइटनी ठेवलेल्या छोट्या नोंदी), तात्पुरत्या फाइली नि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदी असतील, तर आकडा घाबरवण्यासाठी फुगवलेला आहे असे खुशाल समजावे. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. मायक्रोसॉफ्टने तर १ मार्च २०१८ पासून असे नियमच केले की फुकट तपासणीचा निकाल भडकपणे मांडून, घाईला लावून पैसे भरायला भाग पाडणारे सफाईचे प्रोग्राम नकोसे सॉफ्टवेअर मानले जातील आणि विंडोज डिफेंडर ते काढून टाकील.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, की ही सीमारेषा नेहमी चोर आणि साव अशी स्वच्छ नसते. २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून अनुक्रमे २ कोटी ५० लाख आणि १ कोटी डॉलर भरले. त्यांच्या दुकानात ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची फुकट तपासणी होत असे. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: संगणक मंद झाला आहे का, पॉप-अप येतात का, आणि अशीच आणखी दोन लक्षणे. चारपैकी एकाही चौकटीत खूण केली की तपासणीत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, आढळल्याचा किंवा त्याची लक्षणे दिसल्याचा अहवाल येई, मग संगणकात प्रत्यक्षात काही असो वा नसो. मार्च २०२४ मध्ये सायप्रसमधल्या रीस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनीही, विंडोजच्या सूचनांसारख्या दिसणाऱ्या पॉप-अपनी लोकांना घाबरवल्याच्या आरोपावरून, २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. म्हणजे रीतसर दुकान आहे, पावती मिळते, फोनवर माणूस बोलतो, एवढ्यावरून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या टोळ्या तर काही ग्राहकांना पैसे परतही करत असत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी अशा तीन टोळ्यांचे हिशेब तपासले, तेव्हा त्यांची मिळकत १३ कोटी डॉलरच्या घरात निघाली आणि परताव्यामागचे गणितही कळले: कार्डाच्या व्यवहारांवर फार तक्रारी झाल्या तर खाते बंद पडते, म्हणून जितक्यास तितके पैसे परत करून तक्रारींचे प्रमाण मर्यादेखाली ठेवले जाई.

आज आपल्याकडे घरोघरी दिसणारा प्रकार थोडा निराळा आहे. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात खालून सतत चौकोनी सूचना वर येत होत्या: अँटिव्हायरसची मुदत संपली, बँकेचे तपशील उघडे पडले, पाच व्हायरस सापडले. प्रत्येकीवर एका प्रसिद्ध कंपनीचे लाल बोधचिन्ह होते. सरांनी दोन दिवस लॅपटॉप बंदच ठेवला होता आणि कार्ड टेबलावर काढून ठेवले होते.

‘‘सर, पैसे भरलेत का?’’ मी विचारले.

‘‘नाही अजून. पण भरावेच लागतील ना? पेन्शनचं खातं याच्यावरच आहे हो.’’

सूचनेच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता होता. सरांना आठवले, की जुन्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ शोधताना एका पानाने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितले होते आणि त्यांनी ते दाबले होते. खरे तर ते बटण त्या साइटला सूचना पाठवण्याची परवानगी देणारे होते. लॅपटॉपमध्ये व्हायरस तर नव्हताच, पण कोणताही प्रोग्रामसुद्धा शिरलेला नव्हता. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स उघडून परवानगी मिळालेल्या साइटच्या यादीतून ते एक नाव काढले आणि सूचना थांबल्या. दोन मिनिटांचे काम होते. त्यासाठी एका माणसाने दोन रात्री काळजीत काढल्या, याचा मला आजही राग येतो.

याच्याच जोडीचा दुसरा प्रकार फोन नंबरचा. सगळा पडदा व्यापणारे निळे किंवा लाल पान येते, भोंगा वाजतो, एक आवाज ‘संगणक बंद करू नका’ असे बजावतो आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक नंबर दाखवला जातो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो, हे कंपनीने स्वतः वारंवार सांगितले आहे. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे दूरवरून संगणक चालवण्याचे साधन घ्यायला सांगतो. ही साधने मुळात चांगली आणि कामाची आहेत, पण इथे ती वापरून तो विंडोजचे इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातल्या घडामोडींची नोंदवही, उघडतो आणि त्यातल्या लाल खुणा दाखवून ‘पाहा, किती हल्ले झालेत’ म्हणतो. त्या लाल नोंदी प्रत्येक संगणकात असतात, अगदी नव्या कोऱ्या संगणकातही. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला तरी अशी नोंद होते. अशी बरीच कॉल सेंटर भारतातूनच चालत असल्याचे उघड झाले आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्यासह इतरांच्या तक्रारींवरून ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना घाबरवण्याची ही विद्या आता आपल्याच आईवडिलांवर वापरली जाते आहे.

आता काढण्याकडे वळू. इथे पहिली पायरी म्हणजे नेमके काय घडले आहे ते ठरवणे. नुसते पान उघडले आहे, सूचनांची परवानगी दिली गेली आहे, की प्रोग्राम संगणकात शिरला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

नुसते पान असेल तर त्यातल्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरली की पूर्ण पडदा व्यापलेले पान बहुधा आपल्या जागी परत येते आणि मग टॅब बंद करता येतो. ते जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यात ब्राउझरचे नाव निवडून एंड टास्क करावे. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून फोर्स क्विट करता येते. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने परत उघडू का’ असे तो विचारतो, तिथे नाही म्हणावे, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येईल. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एखादी अनोळखी फाइल आली असेल तर ती न उघडता पुसावी. एवढ्याने काम झाले, कारण संगणकात काही शिरलेलेच नसते.

सूचनांचा उपाय वर आलाच आहे. त्याच वेळी ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, पाहून आपण स्वतः न घेतलेली काढून टाकावीत.

प्रोग्राम शिरला असेल तर मात्र सावकाश आणि क्रमाने जावे लागते. आधी इंटरनेट तोडावे: वायफाय बंद करावे किंवा वायर काढावी. पडद्यावर जे नाव दिसते त्याचा फोनने फोटो घ्यावा. पुढे दुसऱ्या यंत्रावर ते नाव शोधताना अक्षर न् अक्षर बरोबर लागते, कारण ही नावे खऱ्या नावांपासून एखाद्या शब्दानेच वेगळी असतात, आणि ‘हा प्रोग्राम कसा काढावा’ असे शोधल्यावर वर येणाऱ्या पानांतही काही पाने दुसराच तसला प्रोग्राम गळ्यात बांधणारी असतात. माहिती घ्यायची ती मायक्रोसॉफ्टच्या किंवा नावाजलेल्या सुरक्षा कंपनीच्या स्वतःच्या पानावरून.

मग सेफ मोड. विंडोज १० आणि ११ मध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे. त्यानंतर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जात रीस्टार्ट केले की एक यादी येते, तिच्यातला पाचवा पर्याय इंटरनेटसह सेफ मोडचा आहे. काही लॅपटॉप या वेळी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागतात. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते, म्हणून हा उद्योग सुरू करण्यापूर्वीच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक तेवढेच प्रोग्राम चालवते, त्यामुळे आडकाठी करणारा बहुधा झोपलेला असतो. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत, इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावून, त्या दिवशी आलेले अनोळखी प्रोग्राम काढावेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात पाहावे. ॲपडेटा किंवा प्रोग्रामडेटा या फोल्डरांमधून चालणारे, निरर्थक अक्षरांचे नाव असलेले काही दिसले तर ते बहुधा आपले सावज असते.

यानंतर खरी तपासणी करावी. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागातल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन आहे. ते नेहमीप्रमाणे सुरू असलेल्या विंडोजमधून निवडावे. ते संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण उठण्याच्या आधी तपासते, म्हणून लपून बसलेल्या प्रोग्रामला तिथे फारसे काही करता येत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. जोडीला मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर हे फुकट साधन घेता येते. ते डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालते, म्हणून मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेली जुनी प्रत न वापरता प्रत्येक वेळी नवे घ्यावे. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही या कामासाठी चांगली आहे. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर पुण्याच्या क्विक हील आणि मुंबईच्या ईस्कॅन यांनी बनवलेली सफाईची साधने फुकट मिळतात, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. बनावट प्रोग्राम एखादे साधन चालूच देत नसेल, तर त्याच्या फाइलचे नाव बदलून explorer.exe असे ठेवून ते चालवण्याची जुनी युक्ती अजूनही कधी कधी लागू पडते: बनावट प्रोग्राम सुरक्षा साधनांना नावाने ओळखून अडवतो, पण विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररला अडवले तर पडदाच रिकामा होईल, म्हणून ते नाव तो सोडून देतो.

सफाई झाल्यावर तीन ठिकाणी हमखास पाहावे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये आपण न लावलेला प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाहतूक आपल्यामार्फत वळवणारा मध्यस्थ, सुरू आहे का, कारण प्रोग्राम गेला तरी प्रॉक्सी मागे राहिला तर इंटरनेट चालत नाही आणि लोक समजतात की सफाईमुळेच संगणक बिघडला. डिफेंडरच्या एक्सक्लूजन्समध्ये, म्हणजे ‘याला तपासू नकोस’ या यादीत, कोणी काही घुसवले आहे का. आणि सिस्टम३२ फोल्डरातल्या ड्रायव्हर्समधल्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणते संकेतस्थळ कुठे शोधायचे हे लिहिलेल्या फाइलमध्ये, अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते वळवलेले आहेत का. एवढे करूनही लक्षणे परत आली, किंवा कोणी दूरवरून तुमचा संगणक चालवला असेल, तर माझा सल्ला असा की आपल्या कागदपत्रांची आणि फोटोंची प्रत बाहेर काढावी आणि दुसऱ्या, निर्धोक संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकावे. अर्धा दिवस जातो, पण मनातली शंका जाते.

फोनबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१४ मध्ये गुगल प्लेवर व्हायरस शील्ड नावाचे ॲप ३ डॉलर ९९ सेंटला विकले जात होते आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी ते घेतले होते. पडद्याला स्पर्श केला की फुलीच्या जागी बरोबरची खूण येई, आणि ते ॲप एवढेच करत असे. गुगलने ते काढून ग्राहकांचे पैसे परत केले. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेने अँड्रॉइडची २५० अँटिव्हायरस ॲप तपासली, तेव्हा त्यांपैकी केवळ ८० ॲपना घातक ॲपांपैकी ३० टक्क्यांहून अधिक ओळखता आली. काही ॲप ‘विश्वासू’ नावांची एक यादी ठेवून तिच्याबाहेरचे सगळे घातक ठरवत होती, आणि त्या यादीत स्वतःचे नाव घालायला विसरल्यामुळे स्वतःलाच घातक म्हणून दाखवत होती.

पैसे भरले गेले असतील तर संगणकाच्या आधी बँक. कार्ड ताबडतोब ब्लॉक करावे, व्यवहाराबद्दल बँकेकडे लेखी हरकत नोंदवावी आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार दाखल करावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पुढच्या खात्यात पोहोचलेले पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. पडद्याचा फोटो, व्यवहाराचा क्रमांक, ज्या नंबरवर बोलणे झाले तो नंबर, सगळे जपून ठेवावे. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून.

एकदा पैसे भरलेल्या माणसाचे नाव अशा टोळ्यांच्या यादीत राहते. काही महिन्यांनी ‘आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत, तेवढ्यासाठी लॅपटॉप सुरू करा’ असा गोड बोलणारा फोन येतो, आणि परतावा जमा करण्याच्या निमित्ताने पुन्हा दूरवरून संगणक चालवण्याचे तेच साधन डाउनलोड करायला सांगितले जाते. असा फोन लगेच ठेवावा आणि तो नंबर आधीच्या तक्रारीत जोडून द्यावा.